पेठेचे वैभव कशात आहे?

पुण्याचा महात्मा गांधी रस्ता किंवा मुंबईचा कुलाबा कॉजवे रात्रीच्या रोषणाईत पाहून आलेला आमच्या धाराशिवकडील मनुष्य घरी परतला, म्हणजे त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: असली पेठ आपल्याकडे केव्हा होणार? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या जिल्ह्यातील तेरहून, म्हणजे प्राचीन तगराहून, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भडोच बंदरास कापड जात असे व ज्याची नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे, त्या जिल्ह्यास व्यापाराची हौस असणे स्वाभाविकच होय. विचार एवढाच करावयाचा, की मोठ्या शहराच्या पेठेतून आपण काय उचलावे.

रात्री दुकाने उघडी राहिली की नीती बुडाली, असा घोष करणाऱ्यांत आम्ही नाही. आश्विनी पौर्णिमेस सोलापुराहून तुळजापुरास असंख्य स्त्रीपुरुष रात्रभर पायी जातात, वाटेवर चहाफराळ चालू असतो, आणि कोणाचीही नीती बुडत नाही. देवीच्या वाटेने रात्री चालणारी स्त्री पूज्य आणि दुकानातील काम आटोपून घरी निघालेली संशयास्पद, हा न्याय कोठला?

तेव्हा वाद रात्रीशी नाही. रात्र कोणाच्या श्रमावर उजळते, याच्याशी आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने अहोरात्र दुकान चालविण्याची वाट मोकळी केली. त्याचबरोबर आठवड्यास एक सुटी, जादा कामास दुप्पट वेतन, आणि रात्री साडेनऊनंतर स्त्रीस कामावर ठेवावयाचे तर तिची संमती, संरक्षण व घरापर्यंत वाहन, अशी बंधनेही घातली. परंतु ही बंधने दहा वा अधिक कामगारांच्या दुकानांसच लागू होती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास मान्यता दिली. आता उमरगा, कळंब, परंडा येथे वीस नोकरांचे दुकान शोधूनच काढावे लागेल! म्हणजे झगमगाट आमच्याकडे येईल, पण कायद्याचे छत्र मोठ्या शहरातच राहील.

केरळातील कोळिकोडच्या कापड दुकानांतील स्त्रियांस दिवसभर उभे राहावे लागे. पी. विजी यांच्या पुढाकाराने त्या संघटित झाल्या. २०१८ मध्ये केरळाने व २०२१ मध्ये तामिळनाडूने दुकानातील नोकरास बसण्याचा हक्क कायद्याने दिला. एवढ्या साध्या गोष्टीस कायदा लागावा, ही आम्हां सर्वांस लाजेची गोष्ट होय.

‘लहान दुकानास हे परवडत नाही’, असे व्यापारी बंधू म्हणतील. एका स्टुलास असा काय मोठा खर्च येतो? आठवड्याच्या एका सुटीने कोणाचे दिवाळे निघाले आहे? कायद्याची वाट न पाहता व्यापारी मंडळींनी एकत्र बसून हे नियम स्वतःस लावून घ्यावेत. नगरपरिषदांनी पेठेत स्त्रियांसाठी स्वच्छ, रात्रीही उघडे असणारे शौचालय आणि बसस्थानकापर्यंत दिवे, एवढे तरी प्रथम करावे. कमानी व रोषणाई मागाहून होईल. गिऱ्हाइकांनीही दुकानातील मुलगी बसलेली दिसल्यास तो आपला अपमान समजू नये.

ज्या पेठेत दिवसभर राबलेली मुलगी रात्री निर्भयपणे घरी पोहोचते, तीच पेठ श्रीमंत. बाकी सारा काचेचा थाट आहे.