चित्रासमोर एक बाक हवा

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की शेजारून हमखास प्रश्न येतो, ‘यात काय काढलंय?’ प्रश्नात वावगं काही नाही. शाळेपासून आपण चित्रात डोंगर, नदी, झोपडीच शोधत आलो. उत्तर मिळालं नाही की विचारणारा पुढच्या भिंतीकडे वळतो. तेव्हा मात्र मला हळहळ वाटते, कारण हे चित्र दिसू लागायलाच थोडा वेळ लागतो.

आधी एकच रंग दिसतो. करडा, शेवाळी किंवा गेरूसारखा. मग त्याच्या पोटातून दुसरा वर येतो. कुठे खरवडलेली जागा, कुठे पावसाळे सोसलेल्या भिंतीचा पोत, कुठे न वाचता येणाऱ्या लिपीसारख्या खुणा. बघता बघता आपला श्वास संथ होतो.

‘अंतःप्रेरणेने काढलेलं चित्र’ म्हटलं की मनात आलं आणि रंग फासले, असा समज होतो. गायतोंड्यांचं काम त्याच्या अगदी उलट होतं. कोऱ्या कॅनव्हाससमोर ते तासन्‌तास बसत. हात चाले तो रोलरने आणि पॅलेट नाइफने. रंगाचा थर द्यायचा, तो खरवडायचा, फाडलेल्या कागदाचे तुकडे त्यावर दाबून उचलायचे, उमटेल ते न्याहाळायचं. रंग स्वतः काय करतो, याला त्यांनी मोकळीक दिली. कुठे थांबायचं हे मात्र स्वतःकडे ठेवलं. म्हणूनच वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं पूर्ण होत. अंतःप्रेरणा त्यांच्याकडे आली ती अशी वाट पाहून.

हा माणूस आपल्यातलाच. मूळ गोव्याचं कुटुंब, 1924 मध्ये नागपूरला जन्म, गिरगावच्या चाळीत बालपण, 1948 मध्ये जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसं होती. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आकृती विरत गेल्या. झेन विचाराची ओढ होती. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना आपल्या चित्रांसाठी मान्य नव्हता. ती ‘वस्तुनिरपेक्ष’ आहेत, असं ते म्हणत. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलं नाही. 1984 मध्ये त्यांना अपघात झाला. त्यानंतर मोठे कॅनव्हास पेलवेनात, तेव्हा ते कागदावरच्या छोट्या रेखाटनांकडे वळले. शांतता तिथेही तीच राहिली.

2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं आणि नाव घरोघरी पोहोचलं. त्याचा मला आनंदच आहे. पण आकड्यामुळे आलेला माणूस आकडाच बघून परतला, तर चित्र भिंतीवरच राहिलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कलादालनांनी अशा चित्रांसमोर पाठ टेकता येईल असा बाक ठेवावा. उभ्या माणसाचे पाय त्याला पुढे ढकलतात. बसलेला माणूस बघू लागतो. चित्रकलेच्या शिक्षकांनी मुलांना सगळं दालन फिरवण्याऐवजी एका चित्रासमोर दहा मिनिटं बसवावं आणि ‘काय काढलंय?’ऐवजी ‘आता काय दिसायला लागलं?’ असं विचारावं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन आहे. त्या संग्रहात गायतोंड्यांची चित्रं आहेत. त्यांतलं एखादं भिंतीवर असेल त्या दिवशी बाकी सगळं सोडून त्याच्यासमोर थांबा. बाक नसेल, तर मागून घ्या.