विश्लेषण : जुन्या खिडक्या बदलल्या की घर खरेच थंड होते?

उन्हाळा तोंडावर आला की खिडक्यांच्या जाहिराती वाढतात. जुनी लाकडी किंवा ॲल्युमिनियमची खिडकी काढा, दुहेरी काचेची यूपीव्हीसी खिडकी बसवा आणि विजेचे बिल कमी करा, असा त्यांचा सूर असतो. दाव्यात तथ्य आहे, पण अर्धेच. दुहेरी काचेने नाव कमावले ते थंड प्रदेशांत. तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. नागपूर, अकोला किंवा मुंबईत बाहेरचे ऊन आत येऊ द्यायचे नसते, आणि हे दुखणे वेगळे आहे.

उष्णता येते कुठून?

पश्चिमेकडची चार बाय पाच फुटांची, साध्या एकेरी काचेची खिडकी घेऊ. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास तिच्यावर चौरस मीटरमागे ५०० ते ६०० वॅट ऊन पडते आणि त्यातले ८० टक्क्यांहून अधिक आत येते. म्हणजे एका खिडकीतून साधारण ८५० वॅट उष्णता. एक टनाचा एसी जेवढी उष्णता बाहेर काढू शकतो (सुमारे ३,५०० वॅट), त्याचा हा जवळपास चौथा हिस्सा. याउलट, बाहेर ४२ आणि आत २७ अंश असताना केवळ तापमानातल्या फरकामुळे त्याच काचेतून येते ती जेमतेम १५० ते १६० वॅट.

दुहेरी काच हा दुसरा, लहान आकडा निम्म्यावर आणते. मोठ्या आकड्याला ती फारसा हात लावत नाही, कारण दोन्ही काचा साध्या असतील तर ऊन दोन्हींतून येतेच. त्यासाठी ऊन अडवणारा लेप दिलेली काच लागते. तिचा ‘एसएचजीसी’, म्हणजे पडणाऱ्या उन्हापैकी आत येणाऱ्या उष्णतेचा वाटा, ०.३ असेल तर ८५० वॅटचे ३०० होतात. विक्रेत्याला काचेची जाडी विचारण्याआधी हा आकडा विचारावा.

ऊन काचेबाहेरच अडवले तर आणखी स्वस्तात काम होते. पश्चिमेला सूर्य खाली आलेला असतो, त्यामुळे छज्जा पुरत नाही. बांबूची चटई किंवा वाळ्याची ताटी बाहेरून सोडावी लागते. सोसायटीत त्यासाठी परवानगीचा घोळ होतो, ही गोष्ट निराळी. आतला जाड पडदा त्या मानाने कमी उपयोगाचा, कारण ऊन तोवर घरात शिरलेले असते.

एसी नसेल तर?

अशी घरे आजही बहुसंख्य आहेत आणि जाहिरातींत नेमकी तीच दिसत नाहीत. विदर्भातला कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाट हवी. नवी खिडकी घट्ट बंद ठेवून कूलर चालवला तर खोली दमट होते, थंड नाही. रात्री भिंती आणि स्लॅब दिवसभराची उष्णता सोडतात, तेव्हाही उघडी खिडकीच कामाला येते.

इथे जुन्या लाकडी झडपांची बाजू वरचढ ठरते. त्या पूर्ण उघडतात. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ‘इको निवास संहिता २०१८’नुसार उष्ण-दमट हवामानात उघडता येणारे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे. उष्ण-कोरड्यात १० टक्के. संहिता नव्या इमारतींसाठी आहे, पण जुन्या घरालाही तो मापदंड लावून पाहता येतो. मुंबईतल्या १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट उघडझाप हवी. चार बाय पाचची सरकती खिडकी देते दहा. डासांसाठी जाळी नसेल तर संध्याकाळनंतर तेवढीही नाही.

चौकट कुजली असेल, पावसाचे पाणी आत येत असेल किंवा रस्त्याचा आवाज झोपू देत नसेल, तर खिडकी बदलण्याला वेगळे कारण आहेच. नुसत्या उकाड्यासाठी बदलायची तर सुरुवात पश्चिमेपासून करावी. उत्तरेच्या खिडकीला महागडी लेपाची काच लावून खोलीतला उजेड तेवढा कमी होतो.