पोर समुद्रावर, शाळा किनाऱ्यावर

सुट्ट्या लागल्या की पर्यटनाच्या जाहिरातींतून एक नवी हौस आता डोकावू लागली आहे. मुलांना घेऊन खोल समुद्रात मासेमारीला चला! अंगात नारिंगी जाकीट, हातात महागडा गळ, मासा लागला की फोटो आणि दिवस मावळायच्या आत परत. यात गैर काही नाही. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने पोराला समुद्र जरूर दाखवावा. परंतु त्याच समुद्रात, त्याच वयाचे दुसरेही एक पोर असते. ते दहा-बारा दिवस बोटीवरून उतरत नाही. त्याच्या जाण्याला कोणी साहस म्हणत नाही. "हाताखाली तयार होतंय," एवढेच म्हणतात. या दुसऱ्या पोराविषयी बोलायला हवे, कारण ते आपल्या समाजाचे आहे. ते कोळ्याचे असेल, पालघरच्या आदिवासी पाड्यातले असेल, नाहीतर गावात जमिनीचा तुकडाही नसलेल्या मजुराचे असेल.

यांत्रिक बोटीवर काम कसे चालते हे किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या वाचकांना ठाऊक नसते. जाळे टाकले की काही तासांनी ते ओढायचे, मासळी फळीवर ओतायची, जात बघून निवडायची, बर्फात भरायची आणि जाळे पुन्हा पाण्यात सोडायचे. दिवस असो की रात्र, हे चक्र थांबत नाही. झोप मिळते ती तुकड्यातुकड्यांनी. विंचवर ताणलेला दोर सुटला तर माणसाचा हात जातो, आणि रात्री पाण्यात पडलेला माणूस सापडणे कठीण. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ साली जगभरच्या मासेमारीत वर्षाला सुमारे २४ हजार माणसे मरतात असा अंदाज दिला होता. अशा ठिकाणी लहान पोराला हलके काम देतात म्हणे! चूल पेटवणे, भांडी घासणे, मासळी निवडणे. पण बोट हलते ती सगळ्यांखाली सारखीच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या कलम २४ ने चौदा वर्षांखालील मुलाला कारखाना, खाण वा धोक्याच्या कोणत्याही कामाला लावण्यास मनाई केली. कलम ४५ ने याच वयापर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी शासनाला दहा वर्षांची मुदत दिली. ती मुदत उलटून गेली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे साठ वर्षांनी! त्यानंतर सहाच वर्षांत, २०१६ साली, बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर बंदी आली. इथपर्यंत ठीक. पण त्याच दुरुस्तीने एक दिंडी दरवाजा उघडा ठेवला. धोक्याचा नसलेला 'कौटुंबिक उद्योग' असेल तर शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मूल मदत करू शकते. कुटुंब म्हणजे कोण? आई, बाप, भाऊ, बहीण तर आहेतच. शिवाय काका, मामा, आत्या, मावशीही. आणि त्या उद्योगात बाहेरची माणसे कामाला असली तरी तो कौटुंबिकच राहतो. त्याच वेळी धोक्याच्या कामांची ८३ नोंदींची यादी कापून तीनवर आणली गेली. ओरड झाल्यावर २०१७ मध्ये यादी पुन्हा वाढवली, पण कुटुंबाची व्याख्या तशीच राहिली. मग बंदरावर कोणी विचारलेच तर प्रत्येक पोर तांडेलाचा भाचा निघतो.

'शाळा सुटल्यावर' हे शब्द लिहिणाऱ्याने बोट कधी पाहिली होती काय? शेतात, दुकानात मूल तासभर काम करून परत येईल. खोल समुद्रात गेलेली बोट पाच वाजता परत येत नाही. सुट्टीचेही तेच. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला बोटी सुटतात आणि मेअखेरपर्यंत हंगाम चालतो. शाळा जूनच्या मध्याला भरते. म्हणजे पोर घरी असते ते पावसाचे दोन महिने. त्याचे नाव हजेरीपटावर चढते, त्याला पाठ्यपुस्तके मिळतात आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास बाक रिकामा होतो. समुद्राचा हंगाम आणि शाळेचे वर्ष एकमेकांवर असे बसले आहेत की एक धरले तर दुसरे सुटणारच.

कोळीवाड्यातला बाप यावर जे म्हणतो ते ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणतो, पोर लहानपणी बोटीवर चढले नाही तर त्याला पुढे समुद्र लागतो. उधाण कधी, भांग कधी, वारा कुठून फिरला, हे पुस्तकात शिकता येत नाही. खरे आहे. ते ज्ञान आहे, आणि ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले त्यांना अडाणी म्हणणारेच अडाणी. मे महिन्यात बापाने पोराला सकाळी खाडीत होडीवर न्यावे, दुपारी घरी आणावे. त्याला कोणाची ना नाही. पण दहा दिवसांची फेरी, रात्रीचे जाळे आणि बोटमालकाकडून घेतलेली उचल, हे शिक्षण नव्हे. ती मजुरी आहे. आणि ती उचल पोराच्या अंगावर फेडली जात असेल तर तिला याहून कडक शब्द आहे.

पिढीजात धंदा पोराने उचलावा, हा विचार दिसायला निरागस असतो. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी ग्रामीण प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेच्या केल्या आणि उरलेला वेळ मुलांनी आईबापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने तिला कुळशिक्षण म्हणून रस्त्यावर आव्हान दिले. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराजांनी योजना रद्द केली. २०१६ चा 'कौटुंबिक उद्योग' हा त्याच मापाचा सदरा नाही काय? मोठ्या वकिलाचा मुलगा सुट्टीत बापाच्या कचेरीत बसतो तेव्हा त्याची शाळा सुटत नाही. सुटते ती जाळे ओढणाऱ्याची.

वर्सोव्याचेच पाहा. कोळीवाड्याच्या गावातच केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था उभी आहे. १९६१ सालची, १९८९ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथे मत्स्यशास्त्राच्या पदव्युत्तर पदव्या मिळतात. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे. सहावीत शाळा सोडलेला कोळ्याचा पोरगा या दारांतून आत कसा जाणार? उधाण-भांग ज्याच्या रक्तात, तो जाळ्यावर; आणि त्याच्या समुद्रावर प्रबंध लिहिणारा दुसराच.

पालघरच्या आदिवासी तरुणांची गोष्ट याहून बिकट. स्वतःची बोट नाही म्हणून ते गुजरातच्या बोटींवर खलाशी होतात. बोट सागरी हद्द ओलांडते आणि ते कराचीच्या तुरुंगात जातात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी व १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. पाड्यावरची आई त्या यादीची वाट बघते. बोटमालकाचे नाव अशा यादीत क्वचितच असते.

२६/११ नंतर खलाशांना ओळखपत्रे आली, बोटींची नोंद कडक झाली. देशाच्या सुरक्षेसाठी ते आवश्यकच होते. मग त्याच नाक्यावर ओळखपत्र बघताना जन्मतारीखही बघावी आणि वय कमी असेल तर बोट थांबवावी, एवढे का जमू नये? मासेमारीतील कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८८ क्रमांकाचा करार २००७ सालचा आहे. बोटीवर कामाला किमान वय सोळा, आणि अठराखालच्यांना रात्रपाळी नाही, हा त्यातला सर्वसाधारण नियम. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. आपल्या संघटनांनी लोकप्रतिनिधींकडे ही मागणी लावून धरावी. तोवर दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंदरालगतच्या शाळांत जाऊन हजेरीपट पाहावा आणि जून-जुलैला हजर असलेली कोणती नावे आता गळाली, ती लिहून काढावीत. मग त्या घरी जावे. बापाशी भांडायला नव्हे. उचल किती आहे ते आधी विचारावे.