पहिला फ्लाय रॉड : नऊ फूट, पाच नंबर, चार तुकडे

ट्रेक झाले, सायकलिंग झालं, कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंगही उरकलं. आता पुढे काय? हिमाचलातल्या तीर्थन नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून ट्राउट पकडणाऱ्याचा फोटो बघितला की अनेकांच्या मनात तेच येतं... आपणही! मग रात्री जेवणानंतर मोबाइल हातात घेऊन रॉडची शोधाशोध सुरू होते आणि पंधरा मिनिटांत डोकं गरगरतं. वेट काय, ॲक्शन काय, सहाशे मॉडेल्स कशाला? घाबरू नका, मंडळी. पहिल्या रॉडसाठी चारच गोष्टी कळाव्या लागतात.

आधी मुळातला फरक. आपल्याकडच्या नेहमीच्या गळाला शिसं किंवा जड आमिष असतं, ते फेकलं की दोरी त्याच्यामागे जाते. फ्लाय म्हणजे पिसं आणि धाग्यांनी बांधलेला, किड्यासारखा दिसणारा हुक. त्याला वजन जवळपास नसतंच. मग तो लांब जातो कसा? तर जाडसर, वजनदार दोरीच्या जोरावर. इथे दोरी फेकली जाते, माशी तिच्या शेपटाला धरून जाते. म्हणूनच रॉड आणि दोरी यांची जोडी जमली पाहिजे. लग्नात पत्रिका जुळवतात ना, तसंच!

नंबर : रॉडवर मुठीच्या वर ‘५ वेट’ असं काहीतरी छापलेलं असतं. हे रॉडचं वजन नव्हे. हा रॉड ५ नंबरची दोरी पेलतो, एवढाच त्याचा अर्थ. ५ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम असतं, ८ नंबरचं साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. ट्राउटसाठी ५ नंबर घ्या. महसीर पकडायचा बेत असेल तर ८ नंबर लागतो. एकाच रॉडमध्ये दोन्ही बसवण्यासाठी मधला नंबर घेतला, तर तो ट्राउटला राकट आणि महसीरला लेचापेचा ठरतो. पहिली ट्रिप कुठली, ते आधी ठरवा.

लांबी : ९ फूट. तीर्थनसारख्या नदीत काठावरची झाडं डोक्यावर येतात, तिथे साडेआठ फुटीही सोयीचा. पण शिकताना ९ फुटी रॉडने दोरी हवेत उचलून धरणं सोपं जातं.

ॲक्शन : म्हणजे रॉड कुठून वाकतो. फास्ट फक्त टोकाला वाकतो, स्लो थेट मुठीपर्यंत. दुकानदार फास्ट दाखवेल, कारण त्याने दोरी लांब जाते. पण हात अजून तयार नसताना फास्ट रॉड काही सांगतच नाही. मीडियम-फास्ट घ्या. दोरी मागे सरळ झाली की रॉड वाकल्याचं हाताला जाणवतं, आणि तो क्षण ओळखता येणं हेच तर शिकायचं असतं.

तुकडे : चार. प्रत्येक तुकडा सुमारे ७० सेंटीमीटरचा, म्हणजे मोठ्या सुटकेसमध्ये तिरका बसतो. प्रत्येक ग्रुपमध्ये डिसेंबरात अमेरिकेहून येणारा एक जण असतोच, त्याला आत्ताच सांगून ठेवा. मात्र गॅरंटी भारतात चालते का, हे पैसे भरण्याआधी विचारा. रॉड मोडतात ते माशांमुळे कमी, गाडीच्या दारात आणि सीलिंग फॅनमध्ये जास्त!

आता बजेट. नवखे लोक रॉड आणि चकचकीत रीलवर पैसे उधळतात आणि दोरी स्वस्तातली घेतात. उलट करा. ट्राउटसाठी रीलचं मुख्य काम दोरी सांभाळण्याचं, साधी चालते. तरंगणारी, पुढे वजन असलेली, म्हणजे डब्ल्यूएफ-५-एफ दोरी मात्र चांगली घ्या. रॉड, रील, दोरी एकत्र मिळणारा सेट सगळ्यात सोपा. तीर्थनच्या आसपास भाड्याने रॉड मिळतात, पण आधी नीट विचारा, फ्लायचा की स्पिनिंगचा? दोन्ही वेगळे खेळ आहेत.

रॉड आला की लगेच नदी गाठायची घाई नको. जवळचं मैदान पुरतं. टोकाला हुकऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि रोज वीस मिनिटं कास्ट करा. क्रिकेटवाली पोरं थोडी हसतील, चालायचंच. वर विजेच्या तारा नाहीत ना, तेवढं बघा. आजचे बहुतेक रॉड ग्रॅफाइटचे असतात आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. नदीवर ढग गडगडले, तर रॉड खाली ठेवून लांब व्हायचं.

नंबर महत्त्वाचा असण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते तुमच्या खिशाशी निगडित नाही. मासा पकडून परत सोडायचा असेल, तर तो लवकर हाताशी आला पाहिजे. फारच हलक्या रॉडवर तो दमेपर्यंत झुंजत राहतो आणि सोडल्यावर पोहून गेला तरी नंतर मरू शकतो. गोल्डन महसीर आज धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे, कावेरीतला हंपबॅक महसीर तर २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत. आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने महसीरची पिल्लं वाढवण्याचं काम गेली अनेक दशकं केलं. कुणी जपलेला मासा आपल्या हौसेपायी जायला नको. हुकचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, हात ओले करून मासा धरा, फोटो एकच काढा.

आणि तारखा बघून सुट्टी टाका. हिमाचलात ट्राउटला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. पावसाळ्यात पाणी गढूळ. उरले मार्च ते जून आणि पावसानंतरचा ऑक्टोबर. मत्स्य विभागाचा परवाना काढा, त्यावरच्या अटी वाचा. दिल्लीहून मनालीच्या रात्रीच्या व्होल्वोने निघालात की सकाळी औटला उतरायचं, पुढे बंजारमार्गे तीर्थन.

पहिल्या ट्रिपला मासा लागेलच असं नाही. पण रॉड बरोबर असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक तरी कास्ट अशी पडते, की दोरी सरळ उलगडते आणि माशी पाण्यावर अलगद टेकते. तेवढं जमलं, तर रॉड माळ्यावर जाणार नाही. नाही जमलं, तर तिथे गेल्या वर्षीचा योगा मॅट आहेच सोबतीला!