आधी खिडकी, मग रिमोट

एसी २० अंशांच्या खाली उतरणार नाही आणि २८ च्या वर चढणार नाही, असे केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केले आणि देशभर रिमोटवर चर्चा झडू लागल्या. कोणाला ही हुकूमशाही वाटली, कोणी वीजबचतीचे गोडवे गायले. मुंबईच्या घरात एसी, नाहीतर निदान दोन पंखे, अष्टौप्रहर का लागतात, हे मात्र कोणी विचारले नाही. उत्तरासाठी दिल्लीला जायला नको, वांद्रे पूर्वेला उतरले तरी पुरे. इथेच ‘म्हाडा’, इथेच झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, आणि पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात ‘एमएमआरडीए’. मुंबईतल्या गरिबाच्या घराला उजेड किती मिळणार, हे बऱ्याच अंशी इथल्या टेबलांवर ठरते.

नियम नाहीत असेही नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत, उघडता येणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचे माप घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे, असे ती सांगते. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या पुनर्वसन सदनिकेला ५० चौरस फूट. सरकत्या खिडकीची अर्धीच काच उघडते, तेव्हा हिशेबातही अर्धीच धरायची. हे माप घेऊन कोणत्याही पुनर्वसन इमारतीत जावे. भर दुपारी मजल्यावरच्या बोळात ट्यूबलाइट पेटलेली, घरातली एकुलती खिडकी समोरच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपांवर उघडणारी, ती उघडली की वास, म्हणून बंदच. फोडणीचा धूर घरातच फिरतो. सामायिक वीजबिल थकले की लिफ्ट बंद. या घरात पाच तारांकित पंखा आणून कोणाची वीज वाचणार?

आणि आमची नियमावली काय म्हणते? झोपडपट्टी पुनर्वसनात हेक्टरी किमान ६५० सदनिका. किमान, कमाल नव्हे! वर मोकळ्या जागेत सवलती. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांना जिथे नेऊन बसवले, तिथे दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर सोडले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासाने तिथल्या क्षयरोगाचा संबंध उजेड-वाऱ्याच्या अभावाशी जोडला, त्यालाही वर्षे लोटली. जी खिडकी वीज वाचवते तीच फुप्फुसे वाचवते, हे एवढ्या ढळढळीत पुराव्यानंतरही ज्यांना कळत नाही, त्यांनी नागरिकांना बचतीचे धडे देऊ नयेत.

जागा कुठे आहे, चटईक्षेत्र निर्देशांकाचा हिशेब बसत नाही, हे विकासकांचे ठरलेले उत्तर. त्याच भूखंडावरच्या विक्रीच्या टॉवरला मात्र रुंद खिडक्या आणि मोकळी हवा, तिथे हिशेब बरोब्बर बसतो. संकुलातल्या कचेऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. मिठी नदीकाठी खाऱ्या वाऱ्यात उभे राहायचे, पण तो वारा आत येऊ द्यायचा नाही. काचेतून ऊन घ्यायचे, ते उपसायला दिवसभर वीज जाळायची, आणि दर्शनी भागात हरित इमारतीची चकचकीत पाटी लावायची.

मुंबईच्या हवामान कृती आराखड्याने मार्च २०२२ मध्येच सांगितले की शहराच्या उत्सर्जनात सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जेचा आहे. त्याच वर्षी ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त झाला आणि १०० किलोवॉट व त्याहून अधिक जोडभाराच्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. ही मर्यादा आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे. तो वापरायला कोणी हात धरला आहे? तपमानाचा आकडा ठरवणे सोपे असते, कारण तो घरातला माणूस पाळतो. खिडकीचे माप बांधणाऱ्याला पाळावे लागते, आणि बांधणाऱ्याला दुखवायची आपल्या राज्यकर्त्यांना, पक्ष कोणताही असो, सवयच नाही.

तेव्हा ‘म्हाडा’ने आणि पुनर्वसन प्राधिकरणाने आराखड्यावर सही करण्यापूर्वी प्रत्येक सदनिकेच्या उघडणाऱ्या खिडकीचे माप मागावे, ते बसत नसेल तर फाइल परत पाठवावी. सुरुवात वांद्र्याच्या सरकारी वसाहतीपासून करावी. तिथे जमीन सरकारची, राहणारे सरकारचे नोकर आणि बांधून घेणारेही सरकारच. विकासक ऐकत नाही, ही सबब तिथे सांगता येणार नाही.