पंप उतरवण्याआधी टाकीचे झाकण उघडा

ईदला अंधेरी-घाटकोपरहून महाड, खेडकडे निघालेली जुनी डिझेल सुमो किंवा बोलेरो तासभर छान पळते. मग तिची ओढ कमी होते आणि कशेडीच्या चढावर ती बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा चालू! गॅरेजमध्ये फिल्टर बदलतात, तरी तेच. मग पंप उतरवायची भाषा सुरू होते. पंपाचे काम महागडे. त्याआधी हे बघा.

पंप जेवढे डिझेल ओढतो, तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती झाकणातल्या छिद्रातून किंवा वेगळ्या बारीक नळीतून येते. ही वाट बुजली की टाकीत हवा विरळ होते आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून गाडी आपोआप ‘बरी’ होते आणि मिस्त्रीला काहीच सापडत नाही. तेव्हा गाडी बंद पडताक्षणीच, बाजूला घेऊन, झाकण सैल करा. हवा सूंऽ करत आत शिरली आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष हवेच्या वाटेत. फरक नाही पडला तर फिल्टर आणि डिझेलची नळी तपासा.

हवेच्या नळीत बहुधा चिखल असतो, कधी कुंभारमाशीचे घर. नळी टाकीपासून सोडवूनच हवा मारावी, नाहीतर कचरा आत जातो. बाजारातून आणलेले झाकण बिनछिद्राचे तर नाही ना, हेही पाहा. काहीजण झाकण कायम सैलच ठेवतात. जुलैच्या पावसात मग डिझेलमध्ये पाणी शिरते.