‘आम्ही आपसांत ठरवलंय’

घटस्फोट झालेल्या मित्रमंडळींत एक वाक्य फार कौतुकाने ऐकू येतं: ‘कोर्टाचं आहे कागदावर, पण मुलाचं आम्ही आपसांत ठरवतो.’ ऐकणारेही माना डोलावतात, किती समंजस जोडपं! मला या समंजसपणाचा राग येतो.

माझे आई-बाबा वेगळे झाले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. निकालाप्रमाणे दर दुसरा शनिवार-रविवार बाबांचा. मग ‘परीक्षा आहे’, ‘ऑफिसचं काम आलंय’ असं करत करत महिन्यातली एक दुपार उरली. भांडण कुणीच केलं नाही. ‘बाबांना सांग, या शनिवारी नको’ हा निरोप न्यायचं काम माझं. पुढे दोघांचं बिनसलं तेव्हा बाबा म्हणाले, ती पाठवत नव्हती. आई म्हणाली, तेच येत नव्हते. साक्षीदार एकटा मी.

आमच्या कामात कुणी थेट प्रॉडक्शन सर्व्हरवर कोड बदलला आणि रेपॉझिटरीत टाकलाच नाही, तर पुढच्या डिप्लॉयमेंटला जुना कोड परत येतो. इथे भांडण झालं की जुना हुकूमनामा परत येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम २ हेच सांगतो: हुकूमनाम्यात कोर्टाबाहेर केलेली तडजोड नोंदवलेली नसेल, तर अंमलबजावणी करणारं कोर्ट ती विचारात घेत नाही. ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा आहे त्याला नोंदीचा अर्ज करायला मुदत फक्त ३० दिवस. म्हणजे दोन वर्षं व्हॉट्सॲपवर ‘ओके, नो प्रॉब्लेम’ आणि अंगठे पाठवलेत, तरी उद्या शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दरखास्त दाखल झाली की मूळ कागदच बोलणार. त्या चॅटचा उपयोग फार तर तुम्ही मुद्दाम आज्ञा मोडली नाही हे पटवायला.

आणि हे ‘आपसांत’ बरोबरीचं असतं का? मूल ज्याच्या घरी, त्याच्या हातात दाराची कडी. दुसऱ्याने ‘चालेल’ म्हटलं ते पटलं म्हणून, की नाही म्हटलं तर एवढीही भेट जाईल म्हणून? उलटही होतं. भेटी हळूहळू टाळायच्या, मग पोटगी, मग फोन, आणि सगळ्याला नाव ‘अंडरस्टँडिंग’.

कोर्ट बदल करू देत नाही ही समजूत चुकीची आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ मुलांच्या ताब्याचे आदेश वेळोवेळी बदलण्याची सोय ठेवतं. ‘रोझी जेकब’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच म्हटलं, की मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि परिस्थितीप्रमाणे ताब्याचे आदेश बदलता येतात. २०२० च्या ‘यशिता साहू’ निकालात तर व्हिडिओ कॉलवरच्या भेटीचाही विचार आहे.

‘पुन्हा तारखा, पुन्हा वकिलाची फी?’ हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा दोष आईबापांपेक्षा व्यवस्थेचा जास्त. दोघांच्या सह्यांचा अर्ज घेऊन जाणाऱ्यांनाही तारखांवर तारखा मिळणार असतील, तर लोक व्हॉट्सॲपच वापरणार. तरी एक गोष्ट वकील सहसा सांगत नाहीत: कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार तिथे वकील हा हक्क नाही, पक्षकार स्वतः उभे राहू शकतात.

शनिवारचा रविवार केला म्हणून कोर्टात जा, असं मी म्हणत नाही. तेवढ्याला मेसेज पुरे. पण कोथरूडहून वाकडला घर हललं, शाळा बदलली, पंधरवड्याचा महिना झाला, तर तो बदल दोघांच्या सह्यांनिशी कोर्टात नोंदवा. ज्यांच्या संमतीच्या अटी अजून लिहायच्या आहेत, त्यांनी बदल कसा करायचा, किती दिवस आधी कळवायचं, न पटल्यास मध्यस्थ कोण, हेही त्यातच लिहून घ्यावं.

कलम २६ मध्ये आणखी एक अट आहे: शक्य असेल तिथे मुलांच्या इच्छेशी सुसंगत आदेश द्यावा. ‘आपसांत’ या शब्दात मूल कुठे बसतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.